तिला अवघड वाटतं

ट्रायलला येणाऱ्या गिऱ्हाइकाने ऐन वेळी नाही म्हणून कळवलं, म्हणून शिंपी त्या दिवशी पाऊण तास आधी नर्सिंग होममध्ये पोचला. निमित्त एवढंच. एरवी तो चारला यायचा. बायकोला पक्षाघाताचा झटका येऊन अकरा महिने झाले होते, तिला इथे ठेवून नऊ, आणि ह्या नऊ महिन्यांत त्याच्या चाराचे कधी सव्वाचार झाले नव्हते. शिंपीकाका जिन्यात दिसले की चहाचं आधण ठेवायचं, अशी तिथल्या आयांमध्ये थट्टाच होती. चौदा नंबरच्या दाराला वहीच्या पानाएवढी काच होती. आत शिरण्याआधी तिच्यातून एकदा डोकावायची त्याची सवय. ती झोपली असली तर दार हळू लोटता यावं म्हणून. तसा तो डोकावला, आणि त्याला बायको उभी दिसली.

पहिल्यांदा त्याला ती ओळखूच आली नाही. ती उंच होती हे तो विसरून गेला होता. इतके महिने त्याने तिला आडवी पाहिली होती, नाहीतर चाकांच्या खुर्चीत, चहूबाजूंनी उशा चेपून बसवलेली. आडव्या माणसाला उंची नसते, लांबी असते. आणि आता ती खिडकीच्या उजेडात उभी होती आणि गाऊनची कड तिच्या घोट्याच्या चांगली चार बोटं वर आली होती. म्हणजे गाऊन तिला आखूड होता आणि नऊ महिन्यांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्यासुद्धा. त्याच्या मनात पहिला विचार हा आला, कारण तो शिंपी होता. मग त्याला तो दुसरा दिसला. फिजिओ. तिचा निकामी उजवा गुडघा त्याने आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरून ठेवला होता, दोन्ही हात तिच्या पाठीमागे खांद्याच्या फऱ्यांखाली घातले होते, आणि तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली होती. तिच्या डाव्या, चांगल्या हाताने त्याच्या पाठीवरचा शर्ट मुठीत पकडला होता. दोघं जागच्या जागी डुलत होते. ‘‘हां काकू, आता माझ्याकडे… शाब्बास… आता खिडकीकडे… घाई नाही आपल्याला.’’ शब्द दाराआडून तुटक तुटक येत होते. ती घामेजली होती. आणि तिच्या चेहऱ्याचा जो अर्धा भाग अजून तिच्या ताब्यात होता, तो हसत होता.

शिंप्याने दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला. पुढे व्हरांड्यात धुतलेल्या चादरींची गाडी उभी होती, तिच्याआड तो जाऊन उभा राहिला, चार वाजेपर्यंत. कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होता कोण जाणे. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल; पण आनंद आणि ते दुसरं, दोघंही एकदमच आत शिरले आणि दुसरं दांडगं निघालं. फिजिओ खोलीतून बाहेर पडला, मान पुसत, शीळ घालत, आणि जिना उतरून गेला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर मुठीएवढी चुरगळ पडली होती. शिंपी त्या चुरगळीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग चार वाजले आणि तो रोजच्यासारखा आत गेला. ती रोजच्यासारखी पडली होती. त्याने रोजच्यासारखं विचारलं, ‘‘काय, आज काय काय केलं?’’ तिने त्याच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं. झटक्याने तिचा एकूण एक शब्द नेला होता. ऐकलेलं तिला समजत होतं, निदान डॉक्टर तसं म्हणत. पण आतून बाहेर काही येत नव्हतं. त्याने तिला सूप पाजलं, दर घोटानंतर हनुवटी पुसली, आणि पुसताना त्याला वाटलं, हीच हनुवटी आत्ता पाऊण तासापूर्वी एका परक्या खांद्यावर टेकली होती.

चौसष्ट वर्षांचा माणूस. त्याची त्यालाच लाज वाटली. अर्धांग गेलेली बायको, तिच्या मुलीच्या वयाचा तो पोरगा, आणि आपण मत्सर करतो आहोत कशाचा? त्याचा तो धंदा आहे, तो स्वतःला समजावत होता. त्याला दिवसाला अशा दहा काकू उभ्या करायच्या असतात. शरीर म्हणजे त्याला सांधे आणि स्नायू, जसं आपल्याला छाती, कंबर, मुंढा, बाही. चाळीस वर्षं आपण बायकांचे कपडे शिवले. हजारो बायकांच्या अंगाभोवती टेप गुंडाळली, गुडघ्यांवर बसून घेरांना टाचण्या लावल्या, मानेपाशी कॉलर बसते का ते बोट घालून पाहिलं. लग्न नवीन असताना तिने एकदा विचारलं होतं, तुम्हाला काही वाटत नाही का हो? आणि आपण हसून म्हणालो होतो, वेडी आहेस, मला बाई दिसतच नाही, आकडे दिसतात. ते खरंच होतं. हजारोंपैकी एक सोडून सगळ्यांच्या बाबतीत खरं होतं. आणि ती एक होती म्हणूनच शिंप्याला आता फिजिओच्या हातांवर विश्वास ठेवता येत नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही.

ती यायची ते एकाच हिवाळ्यात. तेवीस वर्षं झाली त्याला. निळ्या छत्रीवाली, दुकानात तिला तेवढंच नाव होतं, कारण ऊन असो पाऊस असो, छत्री बरोबर असायचीच आणि ती कोपऱ्यात उभी करून मगच ती आरशासमोर जायची. एक लोकरी कोट शिवायचा होता तिला. एकाचे दोन कोट झाले, मग एक उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, कापायचा झगा निघाला. दुकान लहान होतं. समोर तो, मागे खिडकीपाशी बायको काजं-बटणं करायला बसायची, आणि तो टेप लावून आकडे सांगायचा ते ती वहीत लिहायची. अडतीस. साडेएकतीस. चौदा. तो सांगायचा आणि ती लिहायची. निळ्या छत्रीवालीची मापं त्याने त्या हिवाळ्यात चार वेळा घेतली. काही घडलं नाही. घडायचं काही नव्हतंच. ती बोलायचीसुद्धा कमी. पण मानेच्या मागे, केस वर धरलेले असताना, कॉलरची टाचणी लावताना त्याची बोटं जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तिथे थांबायची, आणि हे त्या बोटांना माहीत होतं, आणि त्या मानेलाही माहीत होतं. चौथ्या वेळी ती गेल्यावर बायकोने वही मिटली आणि दोरा दातांनी तोडत म्हणाली, ‘‘आकडे तेच आहेत चारही वेळचे. वही बघितली असती तरी चाललं असतं.’’ तो म्हणाला, ‘‘कापड वेगळं आहे ना. लोकरीला शिलाईत दाब जास्त सोडावा लागतो.’’ ‘‘असेल,’’ ती म्हणाली. तिने पुढचं बटण घेतलं. ह्यापलीकडे दोघांत त्या विषयावर एक शब्द कधी झाला नाही. वसंतात ती बाई यायची थांबली आणि शिंप्याने प्रकरण संपलं असं धरलं. बायकोच्या लेखी ते संपलं होतं का, हे त्याने कधी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून तो अडीचलाच दुकान बंद करू लागला. काचेपाशी उभं राहायचं, बघायचं, आणि चारला आत जायचं. आपण चोरासारखं वागतो आहोत हे त्याला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते. तिथून त्याने जे पाहिलं त्यात वावगं काही नव्हतं आणि तेच त्याला जास्त लागत होतं. फिजिओ तिला हात लावायच्या आधी दर वेळी सांगायचा. ‘‘काकू, आता तुमचा पाय उचलतो हं.’’ ‘‘काकू, हात घेऊ का?’’ ती पापणी मिटायची आणि मग तो घ्यायचा. तिची उजवी मूठ झटक्यानंतर इतकी घट्ट आवळलेली असायची की आतली नखं तळहातात रुतत. शिंपी रोज ती उघडायला जायचा, एकेक बोट सोडवत, आणि तो जितकं सोडवी तितकी ती मिटे. फिजिओ बोटांकडे जायचाच नाही. तो मनगट आत वाकवायचा, हाताच्या पाठीवरून सावकाश अंगठा फिरवायचा, काहीतरी बडबडायचा, आणि मूठ आपोआप उघडायची. काचेबाहेर शिंपी आपल्या दोन्ही हातांकडे बघायचा. ह्याच हातांनी रेशमाला कधी सुरकुती पडू दिली नव्हती. रविवारी परगावाहून मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, त्यांनी मला व्हिडिओ पाठवला! आई उभी राहिली! तुम्ही बोलला नाहीत ते?’’ मग म्हणाली, ‘‘किती जीव लावून करतो ना तो.’’ शिंपी म्हणाला, ‘‘हो, करतो.’’ आणि फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं, आपण बाहेरून चोरून जे बघतो ते ह्या पोरीने हजार कोसांवरून राजरोस बघितलं.

सोमवारी तो मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेला. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्या कारभाराचा खांब. चष्मा नाकाच्या टोकावर, एका डोळ्याने रजिस्टर आणि दुसऱ्याने माणूस वाचणाऱ्या. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

‘‘बोला काका.’’

‘‘काही नाही. ते आपलं… व्यायामाचं.’’

‘‘छान चाललंय की. उभ्या राहायला लागल्या.’’

‘‘ते आहेच. पण बाईमाणूस मिळालं असतं तर बरं झालं असतं. पुरुषाकडून म्हणजे… तिला अवघड वाटतं.’’

मोठ्या सिस्टरांनी चष्मा वर ढकलला. ‘‘तसं वाटलं तुम्हाला?’’

‘‘मला नाही. तिला. चाळीस वर्षांचा संसार आहे, सिस्टर. तोंडाने बोलली नाही तरी मला कळतं.’’

हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं सफाईने निघालं, जणू इस्त्री करून ठेवलेलं होतं. सिस्टरांनी मान डोलावली, लिहून घेतलं. नियमच होता, पेशंटला संकोच वाटत असेल तर माणूस बदलायचा. व्हरांड्यात येईपर्यंत शिंप्याला हलकं हलकं वाटत होतं. मग जिन्यात फिजिओ भेटला, दोन दोन पायऱ्या चढत येत होता. हसून म्हणाला, ‘‘काका, एक गंमत सांगू? काल काकू माझ्याशिवाय दोन सेकंद बसल्या कडेला, पाठ ताठ.’’ शिंपी म्हणाला, ‘‘वा,’’ आणि कठड्याला धरून खाली उतरला.

दुसरी फिजिओ आली ती आठवड्यातून दोनदा यायची. तिच्याकडे बोट दाखवावं असं काही नव्हतं. नीट करायची, वेळेवर यायची. पण अंगाने चिमुकली होती आणि बायकोला उभं करायचं तर दुसरं माणूस हवं, आणि दुसरं माणूस कधी मोकळं नसायचं. म्हणून पडल्या पडल्या हातपाय हलवून ती जायची. पहिला आठवडा शिंप्याचा सुखात गेला. तो चारला येत होता, काचेपाशी थांबत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात बायकोने सूप गिळणं कमी केलं. तिसऱ्यात ती भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. चांगल्या हाताने पलंगाची कड धरून स्वतःच तेवढी वळायची. डावीकडे भिंत होती आणि उजवीकडे त्याची खुर्ची. टाच लाल झाली. उजव्या पायाचा पंजा खाली वळायला लागला, ताठ, पायाच्या बोटांवर नाचणाऱ्या पोरीसारखा. गाऊन मात्र आता नवा होता. त्याने स्वतः शिवला होता, माप न घेता, नजरेने, आणि तो घोट्यापर्यंत बरोबर पोचणारा होता. पण ती उभीच राहत नव्हती तर कोणाला दिसणार?

खोलीत दुसऱ्या पलंगावर एक बाई होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या. कमरेचं हाड मोडून आल्या होत्या, जीभ शाबूत होती. त्यांनी एक दिवस वर्तमानपत्र खाली केलं.

‘‘तुमचा तो उभं करणारा कुठे गेला?’’

‘‘बदलला.’’

‘‘का म्हणून?’’

‘‘तिला अवघड वाटत होतं,’’ तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना ते तितकंसं सरळ निघालं नाही.

‘‘कोणी सांगितलं हो तुम्हाला?’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी दिवसभर शेजारी असते. तिला अवघड वाटतं ते तुम्ही दर घोटाला हनुवटी पुसता ना, तेव्हा. लहान मूल आहे का ती?’’

शिंप्याने बायकोकडे बघितलं. तिची पाठ त्याच्याकडे होती. पाठीला काही माहीत आहे असं वाटलं. रस्त्याने घरी जाताना त्याला एकाएकी दुकानातली खिडकी आठवली, आणि तिच्यात पाठमोरी बसून काजं करणारी ती. ती तेव्हाही पाठमोरी असायची. निळ्या छत्रीवाली आरशासमोर उभी असताना ती एकदाही वळून बघत नव्हती आणि तो ते तिचं भोळेपण समजत होता. समोर आरसा होता, खिडकीच्या काचेत आरसा दिसत होता. तिला सगळं दिसत असणार. तेवीस वर्षांनी, भर रस्त्यात, एका दिव्याच्या खांबापाशी शिंपी थांबला. तो एक हिवाळा तिनेही असाच काचेत बघत काढला होता, आणि हातातलं काज सोडलं नव्हतं. तिने त्या बाईला दुकानातून घालवलं नव्हतं. तिच्यापाशी तेव्हा शब्द होते, सगळेच्या सगळे, आणि त्यातले तिने बाराच वापरले. ज्याचं जळतं त्याला कळतं. आपलं आत्ता जळलं, तेव्हा आपल्याला तिचं कळलं.

सरळ माणूस असता तर दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांकडे गेला असता. शिंपी गेला नाही. चूक कबूल करण्यापेक्षा ती गुपचूप उसवून पुन्हा शिवणं त्याला नेहमीच सोपं गेलं होतं. त्याने ठरवलं, आपणच तिला उभी करायची. काचेतून इतके दिवस बघितलं होतं, काय अवघड आहे? पाचव्या आठवड्यात, दुपारी, बाई एक्स-रेला गेल्या होत्या तेव्हा त्याने दार लोटलं, तिला कडेला बसती केली, पावलं जमिनीवर टेकवली. ‘‘चल, ऊठ. मी आहे,’’ तो म्हणाला. तिने मान हलवली. स्पष्ट हलवली, नाही म्हणून. ‘‘घाबरतेस काय? त्याच्याबरोबर बरी उभी राहायचीस.’’ आणि त्याने तिचे दोन्ही दंड धरून तिला वर ओढलं. ती आली. अर्धी वर आली, एक क्षणभर तिचं डोकं त्याच्या छातीपाशी आलं आणि त्याला तिच्या केसांचा वास आला, औषधी साबणाचा, आणि खाली अजून तिचा, जुना. मग उजवा गुडघा घडीच्या खुर्चीसारखा मिटला. त्याने तो आपल्या गुडघ्यांत धरलाच नव्हता. बघताना तो फक्त तिचा हसरा गाल बघत होता. ती घसरली. त्याने तिचा उजवा हात सोडला नाही, सोडायला हवा होता, आणि खांद्यात काहीतरी ताणलं गेल्याचं त्याला स्वतःच्या बोटांत कळलं. ती ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज. दोघं पलंग आणि खुर्चीच्या मध्ये फरशीवर बसले, ती त्याच्या मांडीवर कलंडलेली, आणि त्याला ना तिला उचलता येत होतं ना उठता येत होतं. ‘‘कोणी आहे का?’’ तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. बारा नंबरमधून धावत कोण आलं असेल तर तो. फिजिओ.

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या समोर फरशीवर बसला, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, ‘‘काकू, मी आलोय. खांदा बघतो हं.’’ पापणी मिटली. त्याने हात चाचपला, नीट आधार देऊन पोटाशी ठेवला. ‘‘काका, तुम्ही तिकडून चादर धरा. मी म्हणेन तेव्हा.’’ दोघांनी तिला पलंगावर घेतलं. डॉक्टर येऊन गेले. खांदा निखळला नव्हता, ताणला होता. तीन आठवडे झोळीत ठेवायचा. सगळं शांत झाल्यावर फिजिओ हात धुताना, नळाकडे तोंड करूनच म्हणाला, ‘‘उभं करायचं होतं तर मला बोलवायचं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, काकूंना अवघड वाटतं. मी पाच आठवडे डोकं खाजवतोय, आपल्याकडून काय चुकलं? हात कुठे चुकीचा पडला का?’’

शिंप्याने बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे वळली नव्हती. खांद्याची झोळी होती म्हणून असेल. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, आणि तो काय सांगतो ह्याची वाट बघत होती. वहीत लिहून घेण्यासाठी बघायची तशी.

‘‘तिला नव्हतं वाटत,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटत होतं. मी तिचं नाव पुढे केलं.’’

नळ बंद झाला. फिजिओ वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि शिंप्याला पहिल्यांदाच दिसलं की हा किती लहान आहे, आणि किती चिडला आहे.

‘‘पाच आठवडे, काका,’’ तो म्हणाला. ‘‘पाय बघितलात त्यांचा? तो पंजा वळायला पाच आठवडे पुरतात, सरळ करायला पाच महिने. तुम्हाला काय वाटलं, मी काय करतो इथे?’’ फिजिओने टॉवेल फेकला, दारापर्यंत गेला, परत आला. ‘‘उद्यापासून मी येणार. आणि तुम्ही पण. बाहेर काचेपाशी नाही, आत.’’ शिंपी चपापला. ‘‘मला दिसायचात तुम्ही,’’ फिजिओ म्हणाला. ‘‘काकूंना पण. खिडकीच्या काचेत दार दिसतं.’’

तर अशी शिकवणी सुरू झाली. खांदा बरा होईपर्यंत नुसता पाय. टाच कशी धरायची, पंजा कसा वर घ्यायचा, कुठे ताण आला की थांबायचं. शिंप्याचे हात हुशार होते, लवकर शिकले. मन मात्र मठ्ठ होतं. फिजिओ ‘‘शाब्बास काकू’’ म्हणाला आणि तिचा गाल हलला की त्याची नजर अजून आधी फिजिओच्या हातांकडे जायची. ते गेलं नाही. जाईल असं त्याला आता वाटतही नव्हतं. तिनेही त्याला माफ केलं असं काही दिसलं नाही. सूप ती त्याच्या हातचं प्यायची, पण रुमाल आता स्वतःच्या डाव्या हातात ठेवायची आणि त्याचा हात जवळ आला की रुमाल आधी वर जायचा. निळ्या छत्रीवालीचं त्याने तिला एकदा सांगितलं. पंजा चोळता चोळता, खाली मान घालून, जेमतेम चार वाक्यांत. मापं उगीच घेतली होती, असं. तिने ऐकलं. बऱ्याच वेळाने त्याने वर बघितलं तर ती छताकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणता आलं नसतं. जुनं बिल कोणीतरी फार उशिरा आणून द्यावं तसा एक कंटाळा होता.

खांद्याची झोळी निघाली त्याला दोन महिने झाले आणि एके दुपारी फिजिओ एक उंच टेबल ओढत घेऊन आला. पलंगासमोर लावलं. ‘‘आज आपण जरा चावटपणा करणार आहोत, काकू,’’ तो म्हणाला. ‘‘आज मी धरणार नाही. काका, तुम्ही उजवीकडे. हात जवळ ठेवायचे, लावायचे नाहीत.’’ शिंपी उजवीकडे उभा राहिला. तिने डावा हात टेबलावर टेकला, पुढे वाकली, आणि फिजिओच्या आधाराने उठली. नवा गाऊन घोट्यापर्यंत आला, बरोबर. तो तिच्या डावीकडे सरकला. बाईंनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, चष्मा चढवला आणि वर्गात म्हणायच्या तशा खणखणीत आवाजात मोजायला लागल्या. ‘‘एक.’’

तिने टेबलावरचा हात उचलला.

‘‘दोन.’’ ती उभी होती. कोणाच्या खांद्यावर हनुवटी नव्हती. ती फिजिओकडे बघत नव्हती, शिंप्याकडेही नाही. खिडकीबाहेर कोणी माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता त्याच्याकडे, पाटी सरळ येते की नाही हे आपल्यावरच असल्यासारखी, कपाळाला आठी घालून बघत होती. ‘‘तीन.’’ शिंप्याचे हात तिच्या कमरेपासून दोन बोटांवर होते, आणि त्या दोन बोटांच्या फटीतून तिच्या अंगाची ऊब येत होती. ‘‘चार.’’ उजवा गुडघा थरथरला. शिंप्याला तो दिसण्याआधी कळला. पुन्हा तोच गुडघा. त्याचे हात पुढे झेपावले.

‘‘थांबा.’’

आवाज घोगरा होता, वर्षभर बंद पडलेल्या खोलीचं दार उघडावं तसा. बाईंचं मोजणं तोंडातच राहिलं. शिंप्याचे हात हवेत थिजले. थांबा. फिजिओला, मुलीच्या वयाच्या त्या पोराला, ती थांब म्हणाली असती. मग हे कोणाला? की दोघांना मिळून? त्याने घाईने पलीकडे बघितलं. फिजिओने आपले दोन्ही हात केव्हाच पाठीमागे बांधले होते आणि तो खालचा ओठ चावून तिच्या गुडघ्याकडे बघत होता. म्हणजे थांबायला सांगण्यासारखं खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

शिंपी थांबला. गुडघा थरथरला, सावरला.

‘‘सहा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पाच मी मनात धरलाय.’’